सहा रात्री लडाखमध्ये: आधी झोपायचं कुठे ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं जोडपं, तो ३४ वर्षांचा, ती ३१. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सहा रात्री, सात दिवस हाताशी आहेत. दिल्लीहून विमानाने लेह. एजंटने दिलेला कार्यक्रम: पहिल्या दिवशी उतरून लेहदर्शन, दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला ही खिंड ओलांडून नुब्राचं खोरं, तिसऱ्या दिवशी पँगाँग तलाव, चौथ्या दिवशी हानले गाव, पाचव्या दिवशी त्सो मोरीरी तलाव, सहाव्या दिवशी लेह, सातव्या दिवशी परत. तिला पँगाँग बघायचंच आहे. त्याला हानलेचं रात्रीचं आकाश हवंय आणि जमलं तर एक दिवस बुलेट. तिला दम्याचा थोडा त्रास आहे. दोघांनी सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, म्हणून 'फिटनेसची काळजी नाही' असंही लिहिलंय. हे सगळं सहा रात्रींत बसेल का?

मी बरीच वर्षं लडाखच्या सहली आखतोय आणि लोकांना घेऊन जातोय, त्यामुळे आडवळण न घेता सांगतो. कागदावर बसेल, अंगाला झेपणार नाही. यातली दोन ठिकाणं आत्ताच काढून टाका. कुठली ते पुढे येईलच.

असे कार्यक्रम 'काय काय बघायचं' या यादीवरून बनतात. समुद्रसपाटीच्या गावांत ते चालतं. लडाखमध्ये कार्यक्रम आखायचा तो रात्रीच्या मुक्कामांवरून. दिवसा तासाभरासाठी पाच हजार मीटरवर जाऊन आलात तर शरीर सहसा कुरकुर करून सोडून देतं. पण त्या उंचीवर झोपलात की ते हिशेब मागतं. साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरहून जास्त उंच नको. आता तुमचा कागद या नजरेने बघा. पुणे साधारण ५६० मीटर, लेह ३,५०० मीटर. पहिल्याच दिवशी, विमानाच्या सव्वा तासात, नियम मोडलेला आहे. तो मोडल्याशिवाय विमानाने जाताच येत नाही, म्हणून पुढचे दोन दिवस जपून काढायचे. एजंटने तिसऱ्याच रात्री तुम्हाला पँगाँगला ४,२५० मीटरवर झोपवलंय आणि पुढच्या दोन रात्री त्याहून वर. हानले साधारण ४,३००, त्सो मोरीरी ४,५०० च्या थोडं पुढे.

ट्रेकच्या अनुभवाबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या सगळ्यात उंच टोकावरही तुम्ही लेहच्या निम्म्या उंचीवर नसता. दम, मांड्यांची ताकद, रोजचं पळणं यांचा विरळ हवेशी जुळवून घेण्याशी फारसा संबंध नाही. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब उतरतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, खार्दुंग लावर जवळजवळ निम्मा. या तुटवड्याला कोणाचं शरीर किती लवकर सरावेल हे आधी ओळखता येत नाही. माझ्या अनुभवात पहिला आडवा होतो तो बहुधा गटातला तगडा गडी, कारण तो दुसऱ्या दिवशी लेहमधल्या शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढलेला असतो.

आता मी काय करेन ते सांगतो.

विमानतळावरून लेह शहरात शिरूच नका. टॅक्सी थेट खाली आल्चीला न्यायला सांगा. आल्ची साधारण ३,१०० मीटरवर आहे, अंतर पासष्ट-सत्तर किलोमीटर, रस्ता उत्तम, दीड-दोन तास लागतात. वाटेत निम्मूला सिंधू आणि झंस्करचा संगम वरूनच बघून घ्या. दोन पाण्यांचे दोन रंग, आणि सप्टेंबरात पाऊस-बर्फाचा गाळ कमी झालेला असल्याने फरक छान दिसतो. बहुतेक लोक पहिल्या दोन रात्री लेहमध्ये काढतात, तेही चुकीचं नाही. पण ४०० मीटर खाली झोपलं की पहिल्या रात्रीचं डोकं किती हलकं राहतं हे मी वारंवार बघितलंय. शिवाय लेहच्या बाजारात हॉटेल असलं की पाय आपोआप बाहेर पडतात. आल्चीत संध्याकाळी करण्यासारखं फारसं नाही, आणि पहिल्या दिवशी आपल्याला तेच हवंय.

दोन रात्री आल्ची. मुक्काम होमस्टेत करा. लडाखी घरात सगळ्यात महत्त्वाची खोली स्वयंपाकघर: मध्ये नक्षीची शेगडी, भिंतभर मांडणीवर घासून लखलखीत केलेली तांब्या-पितळेची भांडी, खाली गालिचे आणि पुढ्यात बुटकी चौरंगासारखी टेबलं. जेवायला स्क्यू मिळालं तर चुकवू नका. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाजीच्या रश्शात शिजवतात. आपल्या वरणफळांची आठवण येईल. सकाळी खंबीर नावाची जाड भाकरी आणि जर्दाळूचा जाम. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला फसवतो. त्याला चहा न समजता सूप समजून प्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्चीचं मठसंकुल. हे पटकन उरकू नका, कारण माझ्या मते लडाखमध्ये बघण्यासारखं याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि सात दिवसांत सतरा ठिकाणं करणारे नेमकं हेच गाळतात. भित्तिचित्रं साधारण अकराव्या ते तेराव्या शतकांतली, काश्मिरी हातांची. तिथे सुमत्सेक नावाचं तीन मजली देऊळ आहे. आत तीन बाजूंना कोनाड्यांत अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री हे तीन बोधिसत्त्व मातीच्या भव्य मूर्तींच्या रूपात उभे आहेत. तळमजल्यावर उभं राहिलं की तुमच्यासमोर त्यांचे फक्त पाय आणि धोतर. डोकी वरच्या मजल्यात गेलेली. आता त्या धोतरांकडे जवळून बघा. अवलोकितेश्वराच्या धोतरावर वाडे, देवळं आणि माणसं, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध. वीतभर जागेत अख्खा प्रसंग. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या. आत फोटो काढू देत नाहीत, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला दारं बंद होतात, म्हणून सकाळीच जा.

तिसऱ्या दिवशी वाटेत लिकिर किंवा बासगोचा मठ करत लेहला परत. मुक्काम लेह, ३,५०० मीटर. संध्याकाळी बाजार, वरच्या गल्ल्या, बस्स. चौथ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा. खिंडीची उंची ५,३५९ मीटर, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. 'जगातला सगळ्यात उंच रस्ता' हा मान तर केव्हाच गेला, लडाखमधलाच उमलिंग ला ५,७९८ मीटरवर आहे. वर पंधरा मिनिटं थांबा, फोटो काढा, मॅगीच्या रांगेत न लागता उतरा. नुब्रातली हुंदर-दिस्कित ही गावं पुन्हा ३,१०० मीटरच्या आसपास. वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारीचे उंट तिथेच.

इथून पुढे फाटा फुटतो. मला विचाराल तर पाचवी रात्र तुर्तुकला काढा. श्योक नदीच्या काठाने आणखी खाली, लेहपेक्षा बरंच कमी उंचीवर. बाल्टी जमातीच्या लोकांचं गाव. १९७१ च्या युद्धापर्यंत ते पाकिस्तानच्या ताब्यात होतं, पर्यटकांना २०१० मध्ये खुलं झालं. जर्दाळूची झाडं, दगडी पाट, कुट्टूची शेतं. इथे झोप गाढ लागते. सहाव्या दिवशी लेह, सातव्या दिवशी घर. सहलीत दोघं एकमेकांशी बोलली असं वाटायचं असेल, तर हा कार्यक्रम.

पण तिला पँगाँग बघायचंच आहे. मग पाचव्या दिवशी नुब्रातून अघम आणि श्योक गावावरून दुर्बुककडे या आणि मुक्काम तलावाकाठी न करता अलीकडे तांगत्सेला करा, साधारण ४,००० मीटरवर. आदल्या रात्रीपेक्षा ही उडी मोठी वाटेल. पण तिसऱ्या रात्री तुम्ही ३,५०० वर झोपून आला आहात, त्यामुळे एव्हाना शरीराने निम्मं काम केलेलं असतं. सहाव्या दिवशी पहाटे निघून तासाभरात पँगाँग. खरं तर तलाव बघायची वेळ सकाळचीच. दुपारनंतर वारा सुटतो, पाणी विस्कटतं, आणि ज्या निळ्या रंगासाठी आलो तो रंग लाटांत मोडतो. काठावरच्या तंबूत रात्र काढण्याचं जे स्वप्न विकतात त्यात सप्टेंबरअखेर गोठवणारी थंडी, रात्रभर फडफडणारं कापड आणि मधूनमधून जाग हेच जास्त असतं. नऊ-दहापर्यंत तिथे थांबा, मग चांग ला ओलांडून दुपारी लेह.

हानले आणि त्सो मोरीरी या खेपेला काढायचे. त्याला वाईट वाटेल हे कळतंय. हानलेला भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण २००० पासून आकाश बघतेय, आणि सभोवतालचा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र, म्हणून घोषित आहे. पण तिथे नीट आकाश बघायचं तर दोन रात्री हव्यात, अमावास्या जवळ हवी, आणि त्याआधी चार-पाच रात्रींचा सराव हवा. पुढच्या वेळी दहा दिवस काढा. तोवर तुर्तुक किंवा आल्चीत वीज गेलेल्या रात्री गच्चीवर जा. पुण्याचं आकाश बघायची सवय असलेल्या माणसाला तेवढ्यानेही आकाशगंगा ओळखायला वेळ लागणार नाही.

आता एक अशी गोष्ट जी कार्यक्रमाच्या कागदावर कधीच नसते. उंचीचा त्रास वाढला की औषध एकच: खाली उतरणं. लडाखमध्ये मेख ही की बऱ्याच ठिकाणांहून खाली यायचं तर आधी वर चढावं लागतं. नुब्रा खाली आहे म्हणून सुरक्षित वाटतं, आणि झोपायला ती आहेच. पण तिथून लेहच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात यायचं तर मध्ये खार्दुंग ला. पँगाँगहून यायचं तर मध्ये चांग ला, तोही ५,३०० मीटरच्या वर. रात्री दोन वाजता धाप लागलेल्या माणसाला घेऊन त्या खिंडीकडे गाडी वळवणं हा प्रसंग कोणावर येऊ नये. म्हणूनच पँगाँगला तिसऱ्या रात्री झोपायला माझा विरोध आहे आणि सहाव्या सकाळी जाऊन यायला नाही.

त्रास ओळखायचा कसा? डोकं दुखणं, आणि सोबत मळमळ, जेवणावरची वासना उडणं, चक्कर किंवा अंगात त्राण नसणं. दारू न पिता आलेला हँगओव्हर म्हणा ना. हे झालं तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, आराम, पाणी, साधं जेवण. उतरलं नाही तर खाली. स्वस्थ बसल्यावरही धाप लागते, छातीत घुरघुर होते, खोकल्याबरोबर फेस येतो. किंवा माणूस बरळतो, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं तर झोकांड्या जातात: यात खाली उतरायला थांबायचं नसतं, रात्र असो की दिवस. पहिलं फुप्फुसात पाणी झाल्याचं लक्षण, दुसरं मेंदूला सूज आल्याचं.

जोडप्यांना नेहमी घाबरवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. पहिल्या-दुसऱ्या रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास चक्क थांबतो. पाच सेकंद, दहा सेकंद काहीच नाही, मग एक मोठा उसासा, मग चार-सहा भरभर श्वास, पुन्हा शांत. आपण अंधारात उठून बसतो, त्याला हलवतो. दिवसा माणूस ठणठणीत असेल तर या उंचीवर झोपेत असं होणं नेहमीचं आहे. दोघांनाही हे आधी माहीत असू द्या, म्हणजे रात्री एकमेकांच्या नाकाशी बोट धरून बसावं लागणार नाही.

आणि दुखणं लपवायचं नाही असं निघण्याआधी ठरवून टाका. नवऱ्याचं डोकं ठणकत असतं, पण बायकोचा दिवस खराब होऊ नये म्हणून तो गप्प. तिला मळमळतंय, पण इतके पैसे भरलेत म्हणून ती गप्प. रोज सकाळी चहाआधी एकमेकांना विचारा: झोप कशी झाली, डोकं कसं आहे, भूक आहे का. खरं उत्तर द्यायचं. एकाला बरं नसेल तर दोघं थांबायचं, 'तू आराम कर, मी जाऊन येतो' हे पहिले तीन दिवस चालणार नाही.

गोळीबद्दल: अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणतो ती. थेट विमानाने जाणाऱ्यांना डॉक्टर बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून सुचवतात. दुकानात २५० ची मिळते, ती अर्धी करायची. पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगून. गोळीने लघवी वाढते, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सोड्याची चव बेचव लागते. घाबरू नका. तिच्या दम्याबद्दल: आटोक्यात असलेला दमा म्हणजे लडाख बंद असं नाही, पण कोरडी थंड हवा आणि रस्त्यावरची धूळ त्रास देऊ शकते. छातीच्या डॉक्टरांना भेटून जा, पंप दोन न्या, एक जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, सामानात नको. दिवस राहिल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीटच काढू नका.

बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे घेऊन निश्चिंत होऊ नका, ते काही मिनिटांत संपतात. बोटाचा ऑक्सिमीटर नेला तर न्या, पण लेहला पहिल्या दिवशी ८५-९० आकडा दिसला म्हणून हादरू नका. गार बोटं आणि गडद नेलपेंट दोन्ही त्याला चकवतात. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघा. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.

बुलेटचं काय? तिसऱ्या दिवसाचा मोह सोडा. आल्चीवरून टॅक्सीने परत येताय, लेहमध्ये चार तास विश्रांती हवी. सगळ्या सहलीत मोटरसायकल बसवायची असेल तर तुर्तुकची रात्र सोडा, पाचव्या दिवशीच नुब्रातून लेहला या आणि सहाव्या दिवशी सकाळी लेह ते शे, ठिकसे असा सिंधूकाठचा सपाट रस्ता करा. गाडी लेहमधूनच भाड्याने घ्यावी लागते, मनालीहून किंवा इतर ठिकाणाहून आणलेल्या भाड्याच्या गाड्यांनी तिथे फिरू देत नाहीत. खार्दुंग लावर डबलसीट, पाचव्या दिवसाच्या आत, मी कोणालाच सुचवत नाही. टॅक्सीचे दर युनियनने ठरवलेले असतात, घासाघीस फार होत नाही, त्यामुळे स्वस्त गाडी शोधण्यापेक्षा शांत ड्रायव्हर शोधा. भेटल्यावर 'जुले' (लडाखी नमस्कार) म्हणा, सहा दिवस तुमचा जीव त्याच्या हातात आहे.

बारीकसारीक. नुब्रा-पँगाँगसाठी भारतीयांना २०२१ पासून इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायची परवानगी, लागत नाही, पण पर्यावरण शुल्क भरावं लागतं. ते ऑनलाइन भरून पावतीच्या प्रती गाडीत ठेवा. तुमच्यापैकी एकाचा पासपोर्ट परदेशी असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, वेगळी परवानगी लागते, ती आधी काढा. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान एकाचं तरी पोस्टपेड हवं. रोख पैसे लेहमध्येच काढून घ्या. कपडे थरांचे: दुपारी उन्हात टी-शर्ट पुरतो, सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत जॅकेट लागतं. गॉगल, सनस्क्रीन, ओठांना मलम. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्ताचे ठिपके येतात, तिथे रात्री नाकात बोटाने तूप लावायची आजीची युक्ती कामी येते. खोबरेल तेल नेलंत तर ते बाटलीत गोठून बसेल. होमस्टेत कोरडा संडास असेल तर वापरा: खड्ड्यातून खाली, वरून फावडंभर माती. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात दोनदा गरम पाण्याची आंघोळ मागणं मला तरी बरं वाटत नाही.

परतीचं विमान. लेहची उड्डाणं बहुतेक सकाळीच असतात, कारण दिवस तापला की विरळ हवा आणखी विरळ होते आणि दुपारी दरीत वारे सुटतात. हवा बिघडली तर सकाळची उड्डाणं रद्द होऊन थेट दुसऱ्या दिवशी जातात. म्हणून शेवटची रात्र लेहमध्येच हवी, आणि दिल्ली-पुणे तिकीट त्याच पीएनआरवर काढा. दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, आणि ऑफिसला सोमवारची मीटिंग कबूल करू नका.